बातमी आणि जाहिरात



अमेरिकेचे राजकारण आणि तेथील वृत्तपत्रे हा विषय आज मराठवाड्यातील सुशिक्षित घरांना परका राहिलेला नाही. नांदेड-लातूरकडील पुष्कळ कुटुंबांतील मुलेमुली शिक्षणासाठी वा उद्योगासाठी त्या देशी गेलेली आहेत, आणि त्यांच्याकडून येणाऱ्या खुशालीत हवापाण्याच्या जोडीने अध्यक्षांच्या नव्या हुकमांचीही वार्ता असते. त्यामुळे वॉशिंग्टनमध्ये कोणत्या पत्रकारावर काय प्रसंग गुदरला, हे आपल्याला कित्येकदा आपल्याच महानगरपालिकेच्या सभेच्या वृत्तांताआधी कळते. गेल्या काही वर्षांत तिकडून आलेल्या या वार्ता लोकशाहीच्या चाहत्यास अस्वस्थ करणाऱ्या आहेत, हे कबूल केले पाहिजे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये असोसिएटेड प्रेस या जुन्या व प्रतिष्ठित वृत्तसंस्थेने मेक्सिकोच्या आखाताला अध्यक्ष ट्रम्प यांनी दिलेले नवे नाव स्वीकारण्याचे नाकारले, तेव्हा तिच्या बातमीदारांना अध्यक्षांच्या कचेरीचे दार बंद करण्यात आले. त्याच्या आधी, डिसेंबर २०२४ मध्ये, एबीसी या प्रक्षेपण-संस्थेने ट्रम्प यांनी लावलेला अब्रूनुकसानीचा दावा दीड कोटी डॉलर देऊन मिटविला. जुलै २०२५ मध्ये सीबीएसच्या मालक-कंपनीने, म्हणजे पॅरामाउंटने, अशाच एका दाव्यात एक कोटी साठ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. आणि त्या वेळी त्या कंपनीचे दुसऱ्या कंपनीशी व्हावयाचे एकीकरण सरकारी मंजुरीची वाट पाहत होते, हे सर्वांस ठाऊक होते. वॉशिंग्टन पोस्ट या पत्राच्या मालकाने ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणुकीस थोडेच दिवस उरले असता, अध्यक्षपदाच्या कोणत्याही उमेदवारास पाठिंबा न देण्याचे ठरविले. संपादक-मंडळाचा अग्रलेख बाजूस राहिला, आणि पुढील काही दिवसांत सुमारे अडीच लाख वर्गणीदारांनी आपली वर्गणी बंद केली.

हे सारे ऐकून हळहळणारे गृहस्थ आपल्याकडे पुष्कळ आढळतात, आणि त्यांची हळहळ खरी असते. परंतु या घटनांत एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे त्यांचे लक्ष जात नाही. पॅरामाउंटने किती पैसे दिले, कोणाला दिले, केव्हा दिले, हे तेथील वाचकाला कळले. वॉशिंग्टन पोस्टच्या मालकाने काय केले हेही कळले. कळले म्हणूनच तर अडीच लाख लोक रागावले. सत्ताधीशाचा दाब व धनिकाचा मिंधेपणा ही दोन्ही तेथे उजेडात उभी होती. याच्या उलट, नांदेड जिल्ह्यातील भोकर मतदारसंघात २००९ साली जे घडले असे म्हटले जाते, त्यात वाचकाला रागावण्याचीदेखील सोय नव्हती. कारण आपण बातमी वाचीत आहोत की कोणी विकत घेतलेली स्तुती वाचीत आहोत, हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता. आजच्या भाषणात मला मुख्यतः या भोकरच्या प्रकरणाविषयी बोलावयाचे आहे.

तत्पूर्वी थोडे मागे गेले पाहिजे. वृत्तपत्र म्हणजे काय, हे मराठवाड्याने फार महागात शिकलेले आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. गश्ती निशान ५३ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या हुकमान्वये तेथे जाहीर सभा भरवावयाची तर आधी सरकारची परवानगी लागे; मग छापखान्याची कथा काय सांगावी! १९२० पासून हैदराबादेत एक मराठी साप्ताहिक निघत असे, त्याचे नाव 'निजाम विजय'. ज्या पत्राला असे नाव धारण करून जगावे लागते त्याच्या संपादकाच्या लेखणीला किती मोकळीक असेल, याची कल्पना श्रोत्यांनी करावी. आणि तरीही त्या काळी मराठी वाचकांना त्याचाच आधार होता. पुढे आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' हे पत्र काढले ते पुण्याहून. संस्थानच्या प्रजेसाठी निघणारे पत्र संस्थानाबाहेर छापावे लागे आणि बंदी चुकवून आत आणावे लागे.

या काळातील शेवटचा प्रसंग सर्वांत भयंकर आहे. शोएबुल्लाखान हे 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक. वयाची तिशीही त्यांनी गाठलेली नव्हती. हैदराबादने हिंदुस्थानात विलीन व्हावे, असे ते निर्भयपणे लिहीत. रझाकारांचा सेनापती म्हणवून घेणारा कासीम रझवी हा लातूरचा वकील; त्याच्या दहशतीपुढे भलेभले गप्प बसले असता एक मुसलमान तरुण उर्दूतून, म्हणजे रझाकारांना समजणाऱ्या भाषेतच, त्यांच्या विरुद्ध लिहीत होता. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री कचेरीतून घरी परतत असता त्यांच्यावर हल्ला झाला. मारेकऱ्यांनी त्यांचा हात तोडला. लेखकाचा हात तोडण्यामागील हेतू कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्या जखमांतच त्यांचा अंत झाला. यानंतर महिना उलटण्याच्या आतच हिंदी सैन्याने संस्थानात प्रवेश करून रझाकारांचा अंमल संपविला.

हा इतिहास मी येथे केवळ अभिमानासाठी सांगत नाही. 'इमरोज'च्या वाचकाजवळ एक गोष्ट निश्चित होती: समोर जे छापलेले आहे ते संपादकाचेच मत आहे. ते त्याला पटो वा न पटो, पण त्या मताची किंमत ज्याने लिहिले त्यानेच मोजलेली आहे, याविषयी त्याला शंका नव्हती. १८८२ साली टिळक-आगरकर कोल्हापूर प्रकरणातील लिखाणासाठी १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात गेले, तेव्हाही हीच गोष्ट होती. त्यांनी छापलेली पत्रे बनावट निघाली, त्यांचा आरोप न्यायालयात टिकला नाही. परंतु कोणी पैसे देऊन त्यांच्याकडून ते लिहवून घेतले, असे त्यांच्या शत्रूंनीही म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आता २००९ कडे येऊ. त्या वर्षी १३ ऑक्टोबर रोजी महाराष्ट्र विधानसभेसाठी मतदान झाले. तेव्हाचे मुख्यमंत्री श्री. अशोक चव्हाण हे भोकर मतदारसंघातून उभे होते. भोकर, मुदखेड आणि केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेले अर्धापूर, असा हा मुलूख. चव्हाण यांचे वडील शंकरराव चव्हाण यांचे या जिल्ह्यात मोठे स्थान होते, आणि अशोकराव निवडून येतील याविषयी फारशी कोणास शंकाही नव्हती. ते एक लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून आले. म्हणजे ज्या प्रचाराविषयी पुढे एवढा वाद झाला, तो नसता तरी निकाल बदलला असता असे म्हणता येणार नाही. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगतो. कारण या प्रकरणाचे महत्त्व कोण जिंकले यात नाही.

निवडणुकीनंतर प्रत्येक उमेदवाराला आपल्या खर्चाचा हिशेब सादर करावा लागतो. चव्हाण यांनी सादर केलेल्या हिशेबात वृत्तपत्रांतील जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये, आणि केबल दूरचित्रवाणीवरील जाहिरातींचा ६,००० रुपये. दोन्ही मिळून ११,३७९. एवढ्या रकमेत त्या काळीही मोठ्या दैनिकाच्या रंगीत पानाचा कोपरासुद्धा मिळाला नसता. इकडे ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू' या पत्रात नोव्हेंबर २००९ मध्ये जे लिहिले ते असे की, प्रचाराच्या दिवसांत मोठ्या खपाच्या मराठी दैनिकांतून केवळ चव्हाण यांच्या गुणगौरवाला वाहिलेली अशी ४७ संपूर्ण पाने त्यांच्या हाती आली होती, आणि त्यांपैकी एकावरही 'जाहिरात' हा शब्द नव्हता. 'अशोकपर्व' अशा थाटाचे मथळे, विकासाची वर्णने, आणि विरोधी उमेदवाराचे नावही नाही.

याहून चमत्कारिक गोष्ट साईनाथ यांनी पुढे मांडली. तरुण, धडाडीचे नेतृत्व अशा अर्थाच्या मथळ्याखाली मुख्यमंत्र्यांवरील एक लेख एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन मराठी दैनिकांत छापून आला होता, आणि तो तिन्ही ठिकाणी शब्दशः एकच होता. वर्गातील तीन मुलांच्या वहीत एकच निबंध आला, तर त्याचा अर्थ काय हे सांगण्यास मोठा परीक्षक लागत नाही. मात्र मास्तर एवढेच सांगू शकतो की निबंध तिघांचा नव्हे; तो कोणी लिहून दिला, आणि त्याबद्दल कोणी कोणास काय दिले, हे केवळ वह्या पाहून सिद्ध होत नाही. कायद्याची सारी अडचण पुढे येथेच आली.

चव्हाण यांनी आरोप नाकारला. आपण यासाठी काही दिलेले नाही, वृत्तपत्रांनी जे लिहिले ते स्वतःच्या मताने लिहिले, असे त्यांचे म्हणणे होते. वृत्तपत्रांच्या बाजूनेही असे सांगण्यात आले की, एखाद्या पक्षाचा विचार आम्हांस पसंत असेल तर त्याच्या नेत्याची स्तुती करण्याचा आम्हांस अधिकार आहे.

या उत्तराचा नीट विचार केला पाहिजे, कारण त्यात तत्त्वाचा अंश आहे. वृत्तपत्राने निःपक्षपाती असलेच पाहिजे असा आग्रह उदारमतवाद्याने धरू नये असे माझे मत आहे. आगरकरांचा 'सुधारक' काय निःपक्षपाती होता? त्याने एक बाजू घेतली, ती नावानिशी घेतली, आणि वाचकाला अंक हाती घेतानाच आपण कोणाच्या घरात पाऊल ठेवतो आहोत हे ठाऊक असे. अमेरिकेतही एखाद्या वाहिनीचा कल एका पक्षाकडे आहे, हा तिच्यावरील खरा आरोप नव्हे. फॉक्स न्यूजला एप्रिल २०२३ मध्ये डोमिनियन या मतदानयंत्रे बनविणाऱ्या कंपनीस सुमारे ७८ कोटी ७५ लाख डॉलर द्यावे लागले, ते तिच्या मतांसाठी नव्हे. २०२० च्या निवडणुकीत यंत्रांनी लबाडी केली, या आरोपांना तिने प्रसिद्धी दिली होती, आणि दाव्याच्या कागदपत्रांतून बाहेर आले की, तिच्यातील कित्येक जण खाजगीत त्या आरोपांवर विश्वास ठेवीत नव्हते. पक्षपात निराळा आणि फसवणूक निराळी. भोकरच्या बाबतीतील प्रश्नही हाच होता. स्तुती करणाराने आपल्या मनाने केली असेल तर तो भक्त. ती कोणी करवून घेतली असेल तर तो भाडोत्री भाट. दोघांचे शब्द एकच असू शकतात. वाचकाला मात्र दोघांतील फरक कळणे अगत्याचे आहे.

या निवडणुकीत हा प्रकार एकट्या नांदेडपुरता नव्हता, हेही सांगितले पाहिजे. 'पॅकेज' हा शब्द त्या हंगामात महाराष्ट्रभर कानांवर येत होता: उमेदवाराची मुलाखत, सभेचे वृत्तांत, छायाचित्रे, या सर्वांचा मिळून एक दर. ज्याने पॅकेज घेतले नाही, त्याच्या सभेला माणसे जमली तरी ती वर्तमानपत्रात जमत नसत. साईनाथ यांनी एका स्तंभलेखकाची हकीकत दिली आहे. निवडणूक संपेपर्यंत तुमचा स्तंभ छापता येणार नाही, कारण पाने विकली गेली आहेत, असे त्याला संपादकानेच ओशाळून सांगितले. मला त्या संपादकाची कीव येते. खुर्ची त्याची, पण पान त्याचे नव्हे.

भोकरच्या हिशेबाविरुद्ध तक्रार करणारांत पराभूत उमेदवार डॉ. माधवराव किन्हाळकर होते, तसेच भारतीय जनता पक्षाचे पुढारीही होते. निवडणूक आयोगाने प्रकरण हाती घेतले. येथून पुढचा प्रवास श्रोत्यांनी कालगणनेच्या दृष्टीने पाहावा. आम्हांस हिशेबाच्या खरेपणाची चौकशी करण्याचा अधिकार आहे, असे आयोगाने एप्रिल २०११ मध्ये ठरविले. चव्हाण यांचे म्हणणे असे की, हिशेब मुदतीत व ठरलेल्या नमुन्यात आला की आयोगाचे काम संपले. वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला, तेथून सर्वोच्च न्यायालयात. ५ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगाच्या बाजूने निकाल दिला: हिशेब खोटा असेल तर तो योग्य रीतीने सादर केला असे म्हणता येणार नाही, म्हणून आयोगाला त्याच्या आत डोकावण्याचा अधिकार आहे. हा निकाल या सबंध प्रकरणातील टिकाऊ लाभ होय. जुलै २०१४ मध्ये आयोगाने चव्हाण यांचा हिशेब कायद्याप्रमाणे नाही असे ठरवून, अपात्र का ठरवू नये, अशी नोटीस त्यांस दिली. सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती नोटीस रद्द केली. पुढच्याच महिन्यात नव्या विधानसभेची निवडणूक झाली. ज्या निवडणुकीचा हिशेब तपासावयाचा, तिच्यातून जन्मलेली विधानसभाच आयुष्य संपवून गेली होती. आणि दरम्यान चव्हाण नांदेडहून लोकसभेवर निवडून आले होते. कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यावरील आरोप शाबीत झालेला नाही, आणि कोणीही तो शाबीत झाल्याप्रमाणे बोलू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते भारतीय जनता पक्षात गेले, म्हणजे तक्रारदारांच्या एका गटाचा आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांचा आता एकच तंबू आहे. राजकारणात असे चालावयाचेच.

आरोप शाबीत का होत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात उमेदवाराने स्वतः केलेला किंवा त्याच्या संमतीने झालेला खर्च मोजला जातो. पाकीट देणारा व घेणारा दोघेही गप्प राहिले, पावती कोणी फाडली नाही, की संमतीचा पुरावा आणावयाचा कोठून? उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना ऑक्टोबर २०११ मध्ये अशाच बातमीवजा जाहिरातींचा खर्च लपविल्याबद्दल तीन वर्षांसाठी अपात्र ठरविण्यात आले. या कारणासाठी अपात्र ठरलेल्या त्या पहिल्या आमदार. परंतु अशी उदाहरणे बोटावर मोजण्याइतकी आहेत. मध्य प्रदेशातील मंत्री नरोत्तम मिश्र यांस आयोगाने २०१७ मध्ये अपात्र ठरविले, ते पुढच्या वर्षी न्यायालयात टिकले नाही. विकत घेतलेली बातमी हा निवडणुकीतील स्वतंत्र गुन्हा मानावा, अशी शिफारस विधी आयोगाने मार्च २०१५ मधील आपल्या २५५ व्या अहवालात केली. ती अजून कायद्याच्या पुस्तकात उतरलेली नाही.

आणि वृत्तपत्रसृष्टीने स्वतः काय केले? प्रेस कौन्सिलने परंजय गुहा ठाकुरता आणि श्रीनिवास रेड्डी या दोन सभासदांची उपसमिती नेमली. त्यांनी देशभर हिंडून, साक्षी घेऊन, २०१० च्या वसंतात सविस्तर अहवाल लिहिला आणि त्यात वृत्तपत्रांची नावे घातली. कौन्सिलमध्ये वृत्तपत्रांच्या मालकांचेही प्रतिनिधी असतात. ३० जुलै २०१० रोजी कौन्सिलने जो अहवाल स्वीकारला तो थोडक्या पानांचा होता, आणि त्यातून नावे गेली होती. मूळ अहवाल लोकांपुढे येण्यास माहिती आयोगाचा हुकूम लागला. दुसऱ्यांची झाकलेली कागदपत्रे उघडी करावीत हा ज्यांचा धर्म, त्यांच्याविषयीचा कागद उघडा करण्यासाठी माहितीच्या अधिकाराचा कायदा उपयोगी पडावा, यावर अधिक भाष्य नको.

पण सारा दोष मालकांच्या माथी मारून सुशिक्षित कुटुंबांना स्वस्थ बसता येणार नाही. चारसहा रुपयांना पडणाऱ्या अंकाचा कागद, शाई, छपाई व वाहतूक यांचा खर्च त्याहून अधिक असतो. उरलेला भार जाहिरातदार उचलतो. तालुक्याच्या गावी बसलेल्या वार्ताहराची स्थिती तर विचारूच नये. त्याला वेतन म्हणून जे मिळते त्यात त्याच्या दुचाकीचे तेलही भागत नाही. मग तोच मनुष्य सकाळी पंचायत समितीतील गैरव्यवहाराची बातमी लिहितो आणि दुपारी तिच्याच सभापतींच्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करावयास निघतो. जाहिरातीवरील दलाली हीच त्याची खरी कमाई. अशा मनुष्याने सकाळची बातमी नेटाने लिहावी ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी? तरीही तशी नेटाने लिहिणारी माणसे मराठवाड्यात आहेत, हे आश्चर्य आहे आणि भाग्यही आहे.

त्यांचा उपयोग काय, हे लातूरकरांना २०१६ च्या उन्हाळ्यात कळले. मांजरा धरण कोरडे पडले होते. पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दीत मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी पुकारावी लागली होती. एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या दिवसांत टँकर कोणत्या गल्लीत कधी येणार, पाणी किती दिवस पुरणार, ही माहिती प्रत्येक घराला भाकरीइतकी आवश्यक होती. अशा वेळी पाणीपुरवठ्याच्या कारभारावरील मजकूर कोणी विकत घेतलेला असू शकतो अशी शंका वाचकाच्या मनात घर करून बसली, तर खऱ्या बातमीवरही तो विश्वास ठेवणार नाही. मग तो मोबाइलवर आलेल्या निनावी मजकुराकडे वळतो, आणि तेथे तर लिहिणाराचा पत्ताच नसतो.

यावर उपाय म्हणून काही लोक सरकारने वृत्तपत्रांवर अधिक नियंत्रण ठेवावे असे सुचवितात. हैदराबाद संस्थानची आठवण ज्या प्रदेशाला आहे त्याने ही सूचना क्षणभरही मनात आणू नये. मजकूर कोणता छापावा हे ठरविण्याचा अधिकार सरकारला दिला, की पुन्हा 'निजाम विजय' काढण्याची पाळी आली. परंतु मजकूर कोणाच्या पैशाने छापला हे सांगावयास लावणे, ही निराळी गोष्ट आहे. आणि या बाबतीत अमेरिकेकडूनच एक धडा घेण्यासारखा आहे. तो आजच्या अमेरिकेचा नव्हे, शंभराहून अधिक वर्षांमागच्या अमेरिकेचा.

तेथेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे कंपन्या, औषधविके आणि राजकीय पुढारी पैसे देऊन बातम्यांच्या रूपात स्तुती छापवून घेत असत. १९१२ साली अमेरिकन काँग्रेसने असा कायदा केला की, ज्या वृत्तपत्राला टपालाची स्वस्त सवलत हवी असेल त्याने आपल्या मालकांची नावे प्रसिद्ध केली पाहिजेत, आणि पैसे घेऊन छापलेल्या प्रत्येक मजकुरावर 'जाहिरात' असा स्पष्ट शब्द घातला पाहिजे. वृत्तपत्रांच्या चालकांनी मुद्रणस्वातंत्र्यावर घाला आला अशी ओरड केली. प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९१३ मध्ये न्यायालयाने कायदा उचलून धरला. सरकारने कोणाला काही छापू नको म्हटले नव्हते. सवलत घेता, तर वाचकाला खरे सांगा, एवढेच म्हटले होते. पुढे नभोवाणी आली तेव्हाही पैसे घेऊन प्रक्षेपित केलेल्या कार्यक्रमात देणाराचे नाव श्रोत्यांना सांगितलेच पाहिजे, असा नियम तेथील कायद्यात आला.

आपल्याकडे या उपायाची सामग्री तयारच आहे. वृत्तपत्रांच्या मालकीचे निवेदन वर्षातून एकदा छापण्याची पद्धत आपल्या वाचकांच्या परिचयाची आहे, आणि बहुतेक वाचक ते न वाचताच पान उलटतात. नोंदणी झालेल्या पत्रांना टपालाची सवलत आहे, आणि सरकारी जाहिरातींचा मोठा लाभही आहे. या दोन्ही लाभांना १९१२ च्या कायद्यासारखी अट जोडण्यास कोणाच्या मतस्वातंत्र्यास धक्का लागत नाही. पाकिटातला रोख पैसा तरीही लपून राहील, हे खरे. पण एकदा असा नियम झाला की संमतीचा पुरावा शोधीत पाच वर्षे न्यायालयांत फिरण्याऐवजी, तीन पत्रांत शब्दशः एकच असलेला लेख कोठून आला याचे उत्तर प्रथम त्या तीन पत्रांना द्यावे लागेल.

जिल्ह्याच्या पातळीवर तर नव्या कायद्याचीही वाट पाहण्याचे कारण नाही. भोकर प्रकरणानंतरच्या वर्षांत निवडणूक आयोगाने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्रसारमाध्यमांवर लक्ष ठेवणाऱ्या समित्या नेमल्या आहेत. त्या संशयित बातम्यांची कात्रणे काढतात, उमेदवारांस विचारणा करतात, आणि खर्च हिशेबात धरतात. मात्र हा व्यवहार समिती व उमेदवार यांच्यात राहतो. ज्याची फसवणूक झाली असेल तो मुदखेडचा वा औशाचा वाचक त्यात कोठेच नसतो. समितीने ठरविलेल्या प्रत्येक बातमीचे कात्रण, पत्राचे नाव, उमेदवाराचे उत्तर आणि समितीचा निर्णय ही मतदानाच्या आधी तहसील कचेरीच्या फलकावर लावावीत, आणि तिचा गोषवारा आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्यांतून सांगितला जावा. लातूरच्या व नांदेडच्या नागरिक-संघांनी पुढील निवडणुकीच्या आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे ही एकच मागणी लेखी नेण्यास हरकत नाही. अर्जाला उत्तर काय येते, तेही मग छापावे.